फाळका उघडल्यावर

तीस वर्षांच्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेले शब्द दोनच: 'प्रवासास योग्य'. यवतमाळ जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून उमरखेड, दिग्रस, आर्णी, वणी अशा बदल्या होत गेल्या. शिक्का बदलला, टेबल बदललं, खिडकीबाहेरचं झाड बदललं. ते दोन शब्द तेवढे राहिले. बाजाराला निघालेली गाय असो, शंकरपटाच्या शर्यतीला निघालेली बैलजोडी असो, नाहीतर यात्रेला निघालेली घोडी. गाडीत चढवण्याआधी डॉक्टरचा दाखला हवा, असं जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात. तो मी द्यायचो. ताप बघायचा, नाडी बघायची, खालची पापणी ओढून लाली बघायची, चार पावलं चालवायचं, सही. ज्या प्रवासाला मी जनावर योग्य ठरवायचो, तो प्रवास मी स्वतः कधी केला नव्हता.

आमच्याकडचा हिवाळा हा जनावरांच्या प्रवासाचा मोसम. कापसाचे वेचे उरकत येतात, तुरीच्या शेंगा भरतात, रस्ते कोरडे असतात आणि ऊन सोसवतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्या जोडीला घोड्यांचा मोठा बाजार. पंधरा दिवसांनी, अमावास्येच्या सुमारास, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा. संक्रांत झाली की वऱ्हाडात आणि पलीकडे झाडीपट्टीत शंकरपट सुरू. घोडेवाल्यांचं पंचांग त्यामुळे सोपं असतं. पौर्णिमा तापीवर, अमावास्या माळावर.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात असताना घोडा आम्ही वाचला फार, पाहिला थोडा. शरीररचनेची जुनी जाडजूड पुस्तकं घोड्यालाच मुख्य धरून लिहिलेली; गाय त्यात फरक सांगण्यापुरती यायची. नोकरीत आल्यावर उलटं झालं. दवाखान्याच्या दारात गाय, म्हैस, बैल, शेळी. घोडा उगवायचा तो लग्नसराईत, वरातीचा.

दिग्रसला असताना एक घोडेवाले नेहमी यायचे. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणायला लागलो. त्यांच्या दावणीला दोन जनावरं. एक पांढराशुभ्र नुकरा, वरातीचा. दुसरी कुमैत रंगाची घोडी, बिजली. घर चालायचं नुकऱ्यावर आणि जीव होता बिजलीवर. तिची चाल रवाल होती. पाठीवर भरला पेला ठेवला तर सांडू नये, इतकी सपाट. मामांना ती माळेगावला न्यायची होती. विकायला नाही. दाखवायला.

नव्वदीच्या दशकाचा शेवट असेल. मामा दाखल्यासाठी आले. मी अंगणातच घोडी तपासली. ताप ठीक, नाडी मिनिटाला छत्तीस, पोटाचा आवाज चांगला, पाय स्वच्छ. कागद भरला आणि शिक्का मारला. मामांनी कागदाची घडी टोपीत ठेवली आणि म्हणाले, "साहेब, दाखला इथला हाये. घोडी तिथं उतरन, तवा कळन ते योग्य होती का नवती."

मी हसलो. त्यांनी विचारलं, "येता काय संगं?"

दोन दिवसांची रजा टाकली आणि गेलो.

गाडी म्हणजे चारशेसात टेम्पो. पुढं ड्रायव्हरशेजारी मामांनी माझी जागा धरली होती. मी मागं हौद्यात बसायचा हट्ट धरला. घोंगडी पांघरून एका कोपऱ्यात मी, दुसऱ्या कोपऱ्यात खरारा करणारा पोरगा, मध्ये बिजली. तळाला वाळू आणि तीवर भुसा. वरून ताडपत्री, पण मागची बाजू हातभर उघडी, वारा खेळता राहावा म्हणून. घोडीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. मी विचारलं तर पोरगा म्हणाला, "ब्रेक लागला का घोडं समोर जाते. तिकडं तोंड असलं का डोकं आदळते." बस, एवढंच. मला पुस्तकात हे कुणी सांगितलं नव्हतं.

दिग्रसहून पुसद, पुसदहून उमरखेड. तिथं यवतमाळ-आर्णी-महागावकडून येणारा हमरस्ता मिळतो, तो पैनगंगा ओलांडून हदगाव, अर्धापूर, नांदेड, लोहा करत थेट माळेगावापर्यंत जातो. सगळे मिळून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. माणसाला जेमतेम एक झोप. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझ्यासमोर घोडी एक क्षण स्वस्थ नव्हती. वळण आलं की बाहेरच्या पायांवर भार. खड्डा आला की चारही गुडघ्यांत लवचीक धक्का. ब्रेक लागला की मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे घट्ट. पुसदच्या अलीकडच्या घाटात तर तिच्या मांड्यांना थरथर सुटली. थंडी होती, तरी मानेखाली हात लावला तर ओल. मी आयुष्यभर 'गाडीत उभं असलेलं जनावर' असं म्हणत आलो होतो. घोडी उभी नव्हती. ती रात्रभर चालत होती, जागच्या जागी.

पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर हदगावच्या अलीकडं गाडी थांबली. आम्ही चहाच्या दिशेनं वळलो. मामा आधी हौद्यात चढले. अगाडीची दोरी सोडून त्यांनी घोडीचं डोकं पार खाली भुशापर्यंत जाऊ दिलं. तिनं दोन-चार वेळा जोरात फुरफुर केलं, नाकातून पातळ शेंबूड आला. मामांनी फडक्यानं पुसला. "रातभर मान वर बांधून नेलं तं घोडं खोकलते," ते म्हणाले. "मंग ताप येते." याचं शास्त्र मी नंतर वाचून काढलं. घोडा मान खाली घालून चरतो तेव्हा श्वासनळीतली धूळ, बेडका आपोआप बाहेर वाहतो. तासन्‌तास मान उंच बांधली की तो आत साचतो आणि फुफ्फुसं सुजतात. लांबच्या प्रवासानंतर येणाऱ्या न्यूमोनियाचं हे जगभर ठाऊक असलेलं कारण आहे. मामांना ते नाकातल्या शेंबडावरून ठाऊक होतं.

मग प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी. घरच्या विहिरीचं, दोन कॅन भरून आणलेलं. ओळखीच्या वासाचं नसलं की घोडं पाण्याला तोंड लावत नाही, आणि न प्यायलेलं घोडं वाळलेला चारा पोटात अडकवून बसतं. बिजली अर्धी बादली प्यायली. चहा त्यानंतर.

माळेगावला पोचलो तेव्हा उजाडत होतं. ड्रायव्हरनं गाडी एका बांधाला मागून टेकवली, म्हणजे हौद्याचा तळ आणि जमीन जवळपास सारख्या उंचीला आली. फाळका खाली पडला. बिजलीनं आधी मान पुढं काढून हुंगलं. मग एक पाय बांधावर, मग दुसरा. खाली आली. पाय फाकवून लघवी केली, बराच वेळ. मामांनी दोरी सैल सोडली. घोडी वासानं जागा शोधत गेली, गुडघे दुमडले, आणि मातीत लोळली. एका अंगावर, मग दुसऱ्या. चारही पाय आभाळाकडं. मग उठली आणि कानापासून शेपटीपर्यंत असं अंग झटकलं की आमच्या तोंडावर माती.

"झटकलं," मामा म्हणाले. "आता पोचली घोडी."

मला वाटलं, ही बोलायची रीत. पण मामा थट्टा करत नव्हते. पोटात दुखणारं घोडंही लोळतं. आनंदाचं लोळणं आणि कळेचं लोळणं लांबून सारखंच दिसतं. फरक उठल्यावर. सुखानं लोळलेलं घोडं उठून अंग झटकतं. दुखणारं उठतं, तसंच मातीनं भरलेलं उभं राहतं, आणि पुन्हा बसतं. माझ्या शिक्क्यापेक्षा जुनी अशी ही तपासणी होती आणि ती उतरल्यावरची होती.

माळेगावचा माळ पहिल्यांदा पाहणाऱ्याची मान फिरत राहते. खंडोबा हा स्वतः घोड्यावर बसणारा देव. त्याच्या दारी घोड्यांचा बाजार भरावा यात नवल नाही. पण इथं घोड्यांबरोबर गाढवं येतात, उंट येतात, लाल कंधारी आणि देवणी गुरं प्रदर्शनाला येतात. भटक्या जमातींची माणसं वर्षातून एकदा इथं भेटतात, सोयरिकी जुळतात, भांडणं मिटतात. पलीकडं तमाशाचे फड. भंडाऱ्यानं वाट पिवळी. आणि या सगळ्यात घोडेवाल्यांची आपली एक वेगळीच पेठ. नालबंद, खोगीरवाले, लगाम-रिकिबी विकणारे, तोबरे शिवणारे.

सौदा उघड्यावर होत नसे. दलाल आणि मालक उपरण्याखाली हात घालत. बोटं दाबली जात, चेहरे कोरे. हजार, पाचशे, दोनशे सगळं बोटांत. जमलं तर उपरणं खांद्यावर जायचं, नाही जमलं तरी खांद्यावरच; पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. गिऱ्हाईक घोड्याचे भोवरे पाही. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा भोवरा अशुभ. चार पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याण, भाव वर. मी दात पाहायचो. वरच्या कोपऱ्याच्या दातावर घोड्याच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच उगवते, पंधराव्याला ती निम्म्यावर येते, विसाव्याला टोकापर्यंत. 'आठ वर्सांचा हाये' म्हणून उभ्या केलेल्या एका अबलख घोड्याच्या दातात मला निम्मी खाच दिसली. मी काही बोललो नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. पण मालकानं माझ्याकडं पाहिलं आणि घोड्याचं तोंड हळूच दुसरीकडं वळवलं.

चालीच्या स्पर्धेत बिजलीला काही मिळालं नाही. काठेवाडी रक्ताची एक घोडी पहिली आली. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, मान कमानीसारखी. मामा तिच्याकडं तोंड भरून पाहत राहिले. परत येताना त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. ते म्हणाले, "साहेब, नंबरासाठी नाई आलो. इतक्या घोड्यांत आपली उभी राह्यली, ते पाहाले आलो."

त्यानंतर मी दर हिवाळ्यात कुठं ना कुठं जायला लागलो. कधी कामावर, कधी रजेवर. घोडेवाल्यांत माझं नाव झालं, आणि नाव झालं की माणूस सैल होतो. तसा मी झालो.

सारंगखेड्याला निघालेल्या एका घोड्याचा हा प्रकार. मामांच्या नात्यातल्या तरुणानं नवा घोडा घेतला होता, उमदा, चार वर्षांचा. संध्याकाळी पाचला घाईत आला, मी पाच मिनिटांत तपासलं, सही केली आणि त्याच गाडीत स्वतः बसलो. कारंजा, मूर्तिजापूर, अकोला, खामगाव मागं पडलं. मलकापूरच्या पुढं मध्यरात्री हौद्यातून खुरांचा आवाज आला. घोडा पुढच्या पायानं तळ खरवडत होता आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडं पाहत होता. गाडी थांबवली, रस्त्याकडेच्या शेतात उतरवला. उतरताच बसला आणि लोळला. उठला. मी श्वास धरून पाहत होतो.

झटकलं नाही.

घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायूचं कडं इतकं घट्ट असतं की वर आलेला वायू आणि अन्न परत फिरू शकत नाही. पोट फुगत जातं, कधी फुटतंही. म्हणून घोड्याची पोटदुखी म्हणजे घड्याळाशी शर्यत. नाडी साठच्या वर गेली होती. बॅटरीच्या उजेडात नाकातून नळी घातली, वायू सोडला, वेदनेचं इंजेक्शन दिलं. मग चालवायचा, बसू द्यायचा नाही. मी आणि तो पोरगा आळीपाळीनं दोरी धरून कपाशीच्या बांधावरून घोडा फिरवत होतो. थंडी अशी की बोटांना दोरी कळेना. हमरस्त्यावरून ट्रक जात होते. बॅटरीच्या उजेडात दोन माणसं घोडा घेऊन रानात गोल फिरतायत, हे पाहून एक ट्रकवाला थांबून विचारूनही गेला.

पहाटे साडेचारच्या सुमारास लीद पडली. आयुष्यात कुठल्या लिदेचा मला इतका आनंद झाला नव्हता. सारंगखेडा राहिलं. आम्ही तिथूनच मागं फिरलो, थांबत थांबत.

परतीच्या वाटेवर पोरगा बोलता झाला. घोडा आदल्या रात्री बारापर्यंत वरातीत होता, डीजेच्या आवाजात. दिवसभर तसाच बांधलेला. आणि 'लांबची वाट हाये' म्हणून निघताना दुप्पट चंदी, हरभरा भिजवून. थकलेला, तहानलेला, भरल्या पोटाचा घोडा, आणि त्या पोराच्या खिशात माझ्या सहीचा कागद. त्यानं काही लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. माझ्या तपासणीत घोड्याचा त्या क्षणीचा ताप होता, नाडी होती. कालची रात्र नव्हती आणि उद्याची सकाळ नव्हती.

त्या हिवाळ्यापासून सही करण्याआधी मी तीन गोष्टी विचारायला लागलो. काल कुठं होतं? शेवटचं खाणं कधी? उतरल्यावर, पळवण्याआधी किती वेळ मिळणार? तिसऱ्या प्रश्नाला लोक चिडायचे. "ते आमचं काम हाये न साहेब." मी म्हणायचो, मग सही उद्या.

शंकरपटात हा तिसरा प्रश्न जास्त लागू पडतो. आमच्या यवतमाळचं घोड्याशी नातं लग्नाचं, बैलाशी रोजचं. आणि बैलाच्या वेगाची हौस म्हणजे पट. मोकळ्या शेतात आखलेली दान, हलका छकडा, जुवाखाली जोडी, वर बसलेला धुरकरी, झेंडी पडली की धूळ, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारं घड्याळ. धामणगावजवळच्या तळेगाव दशासरचा पट तर सबंध विदर्भाला ठाऊक. जोड्या पूर्वी पायी यायच्या, दोन-दोन दिवस आधी निघून, वाटेत चरत. पिकअप आल्यावर रात्री बाराला निघालेली जोडी सकाळी आठला दानीवर उभी राहायला लागली.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट थांबले. आमच्या भागात लोकांनी तो निकाल घरातलं माणूस गेल्यासारखा घेतला. मी पशुवैद्यक, टोचलेल्या शेपट्या मी पाहिल्या होत्या, तुतारीच्या, म्हणजे हाकायच्या काठीच्या, खिळ्यानं झालेल्या जखमांत औषध भरलं होतं, त्यामुळे न्यायालय उगीच बोललं असं मी म्हणू शकत नव्हतो. पण पोळ्याला ज्याच्या शिंगाला शेतकरी बेगड लावतो आणि ज्याला मुलाआधी घास भरवतो, त्याच बैलाला तोच माणूस टोचतो, हेही पूर्ण खरं नव्हतं. टोचणारे होते. न टोचणारे जास्त होते आणि त्यांची जोडी तरीही पळायची. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केलं. नियमांत धावपट्टी हजार मीटरच्या वर नाही, एका बैलाला दिवसाला तीनपेक्षा जास्त फेऱ्या नाहीत, चाबूक-काठी नाही आणि डॉक्टरचा दाखला हवा.

म्हणजे पुन्हा मी. टेबल, खुर्ची, शिक्का, समोर रांग. पटाच्या आयोजकांनी माझं टेबल मंडपात मांडलं होतं, पाहुण्यांच्या शेजारी. मी ते उचलून गाड्या उतरतात तिथं, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायला सांगितलं. त्यांना वाटलं, साहेबांचा अपमान झाला. मला फाळके उघडताना पाहायचे होते.

बैलाचं उतरणं घोड्यापेक्षा निराळं. बैल घाबरला तरी चेहऱ्यावर दाखवत नाही. डोळ्याचं पांढरं आणि शेपटीखाली पातळ शेण, यावर ओळखावं लागतं. घसरलेला बैल उतरताना खुराचं टोक आधी टेकवतो. आणि पोचल्याची त्याची खूण लोळणं नाही. बैल बसतो आणि रवंथ करायला लागतो. रवंथ म्हणजे पोट चालू, जीव ठिकाणावर. दुपारी बारा वाजेपर्यंत एका जोडीतला डावा बैल रवंथाला लागला नव्हता. मी सही केली नाही. मालक म्हातारा होता. त्यानं बैलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "मले बी सकाळपासून तेच दिसून राह्यलं. पण पोरं म्हणत होते." नातवंडांनी तोंडं पाडली. म्हाताऱ्यानं जोडी बाभळीखाली बांधली आणि दुसऱ्यांच्या जोड्यांच्या वेळा मोजत बसला.

घोड्यांकडे परत येतो, कारण त्यांच्यात गेल्या काही वर्षांत काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून साडेतीन लाखांच्या आत आली. सात वर्षांत जवळपास निम्मी. टांगे गेले, वरातीत नवरदेव उघड्या गाडीत बसायला लागले. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या ज्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांनी अटकेपर्यंतचा प्रवास केला म्हणतात, त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद व्हायला आत्ता आत्ताचा काळ उजाडावा लागला. यात्रांतले घोडे मात्र दिसायला देखणे होत गेले, महाग होत गेले. राबणारा घोडा कमी, मिरवणारा जास्त.

मिरवणाऱ्या घोड्याचं मला एक खटकतं. नाचणारा घोडा लोकांना आवडतो. ढोलकी सुरू झाली की तो मागच्या पायांवर उठतो, शिट्ट्या पडतात. मी त्याच्या तोंडाचे कोपरे पाहतो. तिथं जुनी चिरलेली, पांढरी पडलेली कातडी असली की तो नाच कशानं शिकवला ते कळतं. सगळे तसे नसतात. दाण्याच्या लालचीनं, बोटाच्या इशाऱ्यानं शिकवलेला घोडाही पाहिला आहे आणि त्याचे कान पुढं असतात, दुखऱ्याचे मागं.

ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त घ्यायच्या दिवसांत तर माझी सगळी ओळख पणाला लागायची. घोड्याकडून माणसालाही होणारा हा रोग. नमुना हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडं जातो, आणि रोग निघाला तर कायद्यानं घोड्याला दयामरण. भरपाई मिळते, पण बिजलीची भरपाई कुठल्या तक्त्यात बसेल? 'रक्त काढलं का घोडा गेला' ही भीती तांड्यातांड्यांतून पसरलेली. मामा त्या वेळी थकले होते. काठी टेकत आले, सगळ्यांसमोर आपला घोडा पहिला आणून उभा केला आणि शिरेवर स्वतःचा अंगठा दाबून धरला. त्यांच्यामागं रांग लागली.

आता निवृत्त आहे. माझ्या शिक्क्याला किंमत नाही, पण अमावास्या जवळ आली की पाय स्वस्थ बसत नाहीत. गेल्या खेपेला यवतमाळहून एसटीनं नांदेड, तिथून दुसरी एसटी. माळावर पोचलो तेव्हा मामांचा मुलगा आधीच आला होता. मामा नाहीत, बिजलीही नाही. बिजलीच्या नातीला आणलं होतं, तशीच कुमैत, कपाळावर टिकली. गाडी नवी, पण ती त्यानं बांधालाच टेकवली होती.

यात्रेतल्या पशुवैद्यकीय शिबिरातला तरुण डॉक्टर कागदांचा गठ्ठा घेऊन घाईनं आला. चांगला मुलगा, ओळख करून घेतली. "सर, दाखला आहे ना? मग पुढं घेऊ?" मी म्हटलं, जरा चहा घेऊ या. तो थांबला, माझ्या वयाकडं पाहून.

घोडी उतरली. हुंगलं. लघवी केली. दोरी सैल झाली, आणि ती मातीत आडवी झाली. या अंगावर, त्या अंगावर. तरुण डॉक्टर स्टेथोस्कोप काढायला लागला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. मामांचा मुलगा काही बोलला नाही, मीही नाही. घोडी उठली. उभी राहिली. एक श्वास, दोन श्वास.

मग तिनं अंग असं झटकलं की तिघांच्याही चहात माती पडली. मामांच्या मुलानं तिन्ही पेले बांधावर ओतले आणि टपरीकडं हात वर केला, "आणा बाप्पा, नवा आणा. घोडी पोचली."